येणाऱ्या मालिकांकडून अपेक्षा

नवी मालिका सुरू व्हावयाची असली म्हणजे तिची वर्दी बरीच आधीपासून मिळू लागते. चालू मालिकेच्या मध्येच अर्ध्या मिनिटाची झलक दाखविली जाते. नायिका तुळशीपुढे दिवा लावीत असते, नायक मोटारीतून उतरत असतो, दाराआडून एक करारी सासू पाहत असते, आणि शेवटी वार व वेळ सांगणारी पाटी येते. एवढ्या सामग्रीवर घरोघर अंदाज बांधले जातात. कोणाचे लग्न कोणाशी होणार, ते मोडू पाहणार कोण, आणि सध्या त्या वेळेस लागणारी मालिका बंद होणार की रात्री उशिराकडे ढकलली जाणार, या प्रश्नांची चर्चा मराठी घरांत जितक्या आस्थेने होते, तितक्या आस्थेने एखाद्या नव्या कादंबरीची होताना आढळत नाही. याचा खेद करीत बसण्यात अर्थ नाही. ज्या कथाप्रकाराची एवढी माणसे रोज वाट पाहतात, त्याच्याकडून काय अपेक्षावे हे सांगणे टीकेच्या कक्षेतच येते.

वाङ्मयास वाहिलेल्या आमच्यासारख्या मासिकाने या विषयाकडे वळण्यास आणखीही एक कारण आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैद्राबाद, बेळगाव, दिल्ली येथील मराठी घरांत ग्रंथ आहेत, गणेशोत्सव आहेत, कोजागिरीची संमेलने आहेत. परंतु घराबाहेर पाऊल टाकताच भाषा बदलते. मुले शाळेत इंग्रजी बोलतात, अंगणात हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कानडी बोलतात. आईबापांच्या तोंडची मराठी सोडली, तर रोज, ठराविक वेळी आणि अनेक माणसांच्या तोंडून त्यांच्या कानी पडणारी मराठी बव्हंशी मालिकांचीच असते. पुण्यामुंबईच्या मुलास मालिकेतील भाषा बिघडलेली असली तर रस्त्यावर दुसरी ऐकावयास मिळते. आमच्याकडील मुलास ती सोय नाही. यामुळे येत्या हंगामातील मालिका कशा असतील, हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ करमणुकीचा राहत नाही.

‘हंगाम’ हा शब्द आपण सवयीने वापरतो. वस्तुतः आपल्याकडे तो नाही. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्या परंपरेने मे महिन्यात आपले नवे कार्यक्रम जाहीर करतात व सप्टेंबरात ते सुरू करतात. त्यामुळे तेथील समीक्षकास साऱ्या पिकाचा एकदम अंदाज घेता येतो. आपल्याकडे नवी मालिका येते ती जुनी पडली म्हणून. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून दर आठवड्यास प्रेक्षकांची मोजदाद होते, आणि तीत जी मालिका खाली घसरते तिच्या जागी दुसरीची तयारी सुरू होते. मराठी वाहिन्यांचे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते महाराष्ट्र व गोवा या बाजारपेठेचे. बडोद्याच्या वाड्यात किंवा हैद्राबादच्या सदनिकेत बसून तीच मालिका पाहणारे मराठी कुटुंब त्या आकड्यांत कोठेच नसते. आपली आवडनिवड कोणी मोजत नाही, ही उणीव खरीच. परंतु मोजणीच्या बाहेर असणाऱ्यास एक मोकळीकही मिळते: कोणती मालिका पहिली आली हे बाजूस ठेवून, कोणती चांगली होती एवढेच तो विचारू शकतो. पुढील विवेचन त्या मोकळिकीतून केले आहे.

नवी मालिका ‘नवी’ म्हणजे कितपत नवी, हा पहिला प्रश्न. गेल्या काही वर्षांत गाजलेल्या मराठी मालिकांची कुळे पाहिली असता एक चमत्कारिक चित्र दिसते. ‘आई कुठे काय करते’ (२०१९–२०२४) ही ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून आली. तिच्याच आधारे हिंदीत ‘अनुपमा’ (२०२०) निघाली. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ (२०२०–२०२४) हिचेही मूळ बंगाली. ‘रंग माझा वेगळा’ (२०१९–२०२३) हिचे मूळ मल्याळम्. ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही ‘पांडियन स्टोअर्स’ या तमिळ मालिकेवरून, आणि २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘ठरलं तर मग’ ही ‘रोजा’ या तमिळ मालिकेवरून घेतलेली. या गोष्टी पुण्याच्या प्रेक्षकास कदाचित ऐकून ठाऊक असतील. परप्रांतातील मराठी माणसास त्या अनुभवाने ठाऊक असतात. ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली तेव्हा हैद्राबादेतील घराघरांत तीच कथा ‘कार्तिक दीपम्’ या तेलुगू मालिकेच्या रूपाने २०१७ पासून चालू होती. दोन्हींत नायिकेचे नाव दीपा आणि नायकाचे कार्तिक. म्हणजे आपण ज्या वळणाची उत्कंठेने वाट पाहत आहोत, ते शेजारच्या बाईंनी केव्हाच पाहिलेले असते, आणि विचारले तर त्या पुढचे सांगूनही टाकतात.

यावर ‘मराठी प्रतिभा आटली’ असा आक्रोश करण्याचा मोह सहज होईल. तो आम्हांस मान्य नाही. उसनी कथा घेणे हा मराठी वाङ्मयाचा दोष कधीच मानला गेलेला नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’वरून, देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’वरून. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि त्यांतील बंगाली सुना व विधवा येथील वाचकांस आपल्याच नात्यातल्या वाटल्या. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली. परंतु मूळ नाटक इंग्रजीतील उच्चारभेदांवर उभे असताना त्यांनी ते मराठीतील उच्चारभेदांवर, म्हणजे प्रमाण भाषेची प्रौढी आणि रस्त्यावरच्या बोलीचा ठसका यांच्या झगड्यावर उभे केले. कथा लंडनची राहिली नाही; आणि ती मराठी झाली ती पात्रांची नावे बदलली म्हणून नव्हे. ज्या गोष्टीवरून मूळ समाजात माणसामाणसांत भेद पडत होता, त्या गोष्टीचा मराठी समाजातील नेमका प्रतिरूप लेखकास सापडला होता. रूपांतराची खरी कसोटी हीच होय. बंगालहून किंवा तमिळनाडूहून येणाऱ्या कथेकडूनही आम्ही तेवढेच मागतो. कथा कोठून आली याची चौकशी करण्यापेक्षा ती येथे रुजली की नाही, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

या कसोटीवर ‘आई कुठे काय करते’ पाहण्यासारखी आहे. बंगाली मालिकेचे नाव नायिकेच्या नावावरून ठेवलेले, हिंदीचेही तसेच. मराठीत मात्र नायिकेचे नाव बाजूस ठेवून घराघरांत सहज उच्चारले जाणारे एक वाक्य शीर्षक म्हणून घेतले गेले. ‘आई कुठे काय करते’ हे वाक्य कोणी रागाने म्हणत नाही. ते निष्काळजीपणे म्हटले जाते, आणि म्हणूनच ते झोंबते. त्या चार शब्दांत मालिकेचा सारा विषय आला होता. अरुंधतीच्या सुरुवातीच्या कथेत या शीर्षकाचे चीज झाले. पंचवीस वर्षे स्वयंपाकघरात उभी असलेली बाई, तिला गृहीत धरणारा नवरा, आईच्या कष्टांची लाज वाटणारी मुले आणि नवऱ्याचे अन्यत्र जडलेले मन, यांतले काहीच नवे नव्हते; परंतु अरुंधतीचे गप्प राहणे मराठी होते. कोणत्या प्रसंगी ती बोलत नाही, आणि बोलायचे टाळून कोणत्या कामास हात घालते, हे पाहताना अनेकींस आपल्या घरची माणसे दिसली असली पाहिजेत. पुढे मालिका लांबली. घटस्फोट झाला, दुसरा विवाह झाला, वैधव्य आले. तरी कथा त्याच बंगल्याभोवती घोटाळत राहिली, आणि जिला घराबाहेर पडण्याचे बळ देण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिला घराबाहेर पडू देणे मालिकेस परवडेना. आरंभी रुजलेले झाड पुढे कुंडीतच वाढवावे, तसे झाले.

उलट ‘रंग माझा वेगळा’ हिची गोष्ट. सावळ्या रंगामुळे मुलीस सोसावा लागणारा अपमान हा विषय मराठी समाजास परका नाही. वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द वाचत आपण मोठे झालो आहोत. म्हणजे कथेचे बीज येथील मातीत पडावयास अडचण नव्हती. परंतु नायिका मुळातच सावळी निवडावी, एवढे धाडस निर्मात्यांस झाले नाही. उजळ वर्णाच्या अभिनेत्रीस रंग लावून सावळे करण्यात आले. ज्या समजुतीविरुद्ध कथा सांगावयाची, त्या समजुतीपुढेच पात्रनिवडीत मान तुकविली गेली. अशा वेळी संवाद कितीही जळजळीत असले, तरी प्रेक्षकाच्या मनात ते खोल उतरत नाहीत. कथा आयात करता येते, तिच्यामागील निष्ठा ज्याची त्यालाच आणावी लागते, हा बोध यातून घ्यावयाचा.

ही देवघेव एकेरी नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘तुला पाहते रे’ (२०१८–२०१९) ही मराठीत वर्षभरात संपलेली कथा कानडीत ‘जोते जोतेयली’ व तेलुगूत ‘प्रेम एन्त मधुरम्’ या नावांनी गेली आणि तिकडे कितीतरी अधिक काळ चालली. ‘माझी तुझी रेशीमगाठ’ (२०२१–२०२३) हिच्यावरून कानडीत ‘सीता राम’ निघाली. तेव्हा मराठीजवळ देण्यासारखे काही नाही, ही समजूत खोटी आहे. प्रश्न एवढाच की, देताना किंवा घेताना आपल्या मालिकेत मराठी म्हणून उरते ते काय?

आमच्या मते ते प्रथम बोलण्यात उरते. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही नावे वेगवेगळी येतात. प्रेक्षक ती वाचण्यापूर्वीच सरकून जातात. रूपांतरित मालिकेत कथा दुसऱ्याची असते, पटकथेची वळणेही पुष्कळशी ठरलेली असतात. मराठी लेखक म्हणून जो खरोखर काम करतो, तो संवादलेखक. येणाऱ्या मालिकेविषयी उत्कंठा बाळगावयाची तर नायकनायिका कोण याहून संवाद कोणाचे याविषयी बाळगावी. ‘माझी मदत कर’, ‘मी तिला सगळं बोलले’ अशी वाक्ये ऐकली की हिंदी वाक्यावर मराठी शब्द चिकटवले आहेत हे तत्काळ कळते. मराठीत मदत कोणाला तरी करावयाची असते, आणि सगळे सांगावयाचे असते. आमचे इंदूरचे किंवा ग्वाल्हेरचे वाचक येथे किंचित हसतील, कारण त्यांच्या घरच्या मराठीतही हिंदीचा शिरकाव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु त्या दोहोंत अंतर आहे. माळव्यातील मराठी माणसाच्या बोलण्यात हिंदी आली ती शेजाऱ्याशी दीडदोनशे वर्षे बोलून; तिला स्वतःची लय आहे, थट्टा आहे, आणि ती एका स्थळाची खूण आहे. मालिकेतील हिंदी वळण कोणत्याच स्थळाचे नसते. ते घाईचे असते.

बोलण्यापाठोपाठ स्थळ येते. ज्या मालिकांनी आपले गाव निश्चित केले, त्या आठवणीत राहिल्या. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) हिने सिंधुदुर्गातील आकेरी गावचा वाडा आणि मालवणी बोली घेतली. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६–२०२१) हिने कोल्हापूरची तालीम घेतली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) हिने नागपूरकडील राधिकेला वऱ्हाडी बोलीसह ठाण्यात आणून बसविले, आणि तिच्या बोलण्याला हसणाऱ्या शहरालाच हळूहळू हास्यास्पद केले. या मालिकांतही लांबण होती, योगायोगांचा सुकाळ होता. परंतु त्यांतील माणसे कोठेतरी राहत होती. याउलट ज्या मालिकेतील कुटुंब एका भव्य दिवाणखान्यात राहते, ज्यांची एक ‘कंपनी’ असते व जिचा व्यवसाय कोणालाच सांगता येत नाही, तिला मराठी नाव दिल्याने ती मराठी होत नाही.

स्थळाचा विषय निघाला म्हणून आमच्या वाचकांच्या अभिमानाचे एक उदाहरण देतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्राच्या पहिल्या दशकात ज्या मराठी मालिकेने घरोघर हसू पिकविले, ती ‘चिमणराव–गुंड्याभाऊ’. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. त्या कथांचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. म्हणजे मराठी मालिकेच्या उमेदीच्या काळातील एक सर्वांत लाडके कुटुंब परप्रांतात नोकरी करणाऱ्या लेखकाच्या टेबलावर जन्मले. त्यानंतर बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंब मालिकेच्या केंद्रस्थानी क्वचितच आले असेल. इंदूरच्या अहिल्याबाईंची कथा २०२१ ते २०२३ या काळात मोठ्या थाटाने दाखविली गेली, ती हिंदीत. तंजावरचे भोसले, बडोद्याचे ग्रंथालय, हैद्राबादच्या मराठी शाळा, ग्वाल्हेरची गाणारी घराणी, यांत कथांचा तोटा नाही. तेथवर जाणाऱ्या लेखकाचा तोटा आहे.

शेवटची अपेक्षा शेवटाविषयीच आहे. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिकांस प्रायः तेरा भागांच्या हिशेबाने मंजुरी मिळे. हा नियम कारकुनी होता. परंतु त्यामुळे लेखकास आपली कथा कोठे थांबणार हे आरंभीच ठरवावे लागे. श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ (१९८८) त्रेपन्न भागांत पुरी केली, आणि तीत काही राहून गेल्यासारखे वाटले नाही. उलट ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही हिंदी मालिका २००० पासून २००८ पर्यंत अठराशेंहून अधिक भाग चालली व २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मराठीत ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही २०१२ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. आज तिचे नाव निघताच लोकांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता येते, तिचे एक कारण असे की ती संपली. ज्या कथेचा शेवट लेखकास ठाऊक नाही, तिच्यात पेरलेल्या कोणत्याही प्रसंगास अर्थ येऊ शकत नाही. आज केलेला त्याग उद्या प्रेक्षकसंख्येसाठी गैरसमज ठरविला जातो आणि परवा मेलेला मनुष्य परत येतो. अशा कथेची सवय लागते. तिची खरी प्रतीक्षा करता येत नाही, कारण प्रतीक्षा ही कोठेतरी पोहोचणाऱ्या गोष्टीचीच असते.

वाहिन्यांची अडचण आम्ही जाणतो. रोज वीसबावीस मिनिटांची कथा लिहावयाची, चित्रित करावयाची व दाखवावयाची, हे काम छापखान्यातील दैनिकासारखे आहे. तेथे सावकाश विचार करण्यास उसंत नसते. चाललेली मालिका थांबविणे म्हणजे शेकडो लोकांचा रोजगार थांबविणे, हेही खरे. म्हणूनच आम्ही प्रत्येक भागात कलाकृती मागत नाही. परंतु दैनिकाचाही अग्रलेख असतो, आणि तो लिहिणाऱ्याकडून आपण भाषेची व विचाराची शुद्धता अपेक्षितोच. मालिकेचे पहिले पंधरा भाग हा तिचा अग्रलेख होय. ते पुरेशा अवधीने, घाईवाचून लिहिलेले असतात. तेवढ्यावर मालिकेची पारख करणे अन्यायाचे होणार नाही.

तेव्हा आमच्या वाचकांनी येत्या काही महिन्यांत सुरू होणारी कोणतीही मालिका पंधरा दिवस पाहावी आणि चार गोष्टी तपासाव्यात. तिचे नाव मराठी घरातून उचलले आहे की दुसरीकडच्या नावाचे भाषांतर आहे? तिच्यातील माणसे कोणत्या गावची, हे त्यांच्या बोलण्यावरून ओळखता येते काय? ती पोटासाठी काय करतात, हे दिसते काय? आणि सांगणाऱ्यास शेवट ठाऊक आहे, असा भरवसा कथेच्या चालीवरून वाटतो काय? चारांपैकी दोहोंची उत्तरे होकारार्थी आली तरी मालिका पाहावी, आणि मुलांस शेजारी बसवून पाहावी. एकही आले नाही, तर शेजारच्या बाईंकडून पुढचे विचारून घ्यावे व ती वेळ चिमणराव वाचून दाखविण्यात घालवावी.

ज्यांना ही पारख पटेल त्यांनी आणखी एक करावे. मालिका आवडल्यास वाहिनीस पत्र लिहावे, त्यात संवादलेखकाचे नाव घ्यावे, आणि पत्राच्या माथ्यावर आपले गाव ठळक घालावे. बडोदे, ग्वाल्हेर, हैद्राबाद अशा गावांची नावे त्या कचेरीत पुनःपुन्हा पोहोचली, तर महाराष्ट्राबाहेरही ही भाषा रोज ऐकली जाते, एवढे तरी तिच्या लिहिणाऱ्यांस कळेल.